रोज बोटभर

नदीकाठी गाव नुकतं वसत होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे वर रुंद आणि तळाशी निमुळता असा एक डोह होता. गाव त्यातून रोज सारखंच पाणी उपसायचं. कासवगुरुजी माशांच्या पिल्लांकडून घोकून घ्यायचे, "पाणी उतरतं रोज बोटभर."

उन्हाळ्यात एक मासोळी म्हणाली, "गुरुजी, डोह खाली अरुंद होत गेलाय. पाणी आता रोज कालच्यापेक्षा जास्त उतरतंय. डोहातून नदीला जाणाऱ्या ओढ्याला धार आहे तोवर निघू या."

"पाठ बरोबर आहे, पाणी चुकतंय! म्हण पुन्हा."

ती म्हणू लागली. ओढा आटला, मग डोहही. चिखलातून शेवटी ऐकू आला तो तिचाच आवाज, "रोज बोटभर..."

गुरुजी चालत पलीकडच्या डोहावर गेले. तिथली पिल्लं गोळा करून म्हणाले, "म्हणा रे, पाणी उतरतं रोज बोटभर."