शिळापेठेतली फोडशिळा

अंबरखेड शहरात शिळापेठेच्या तोंडाशी, जिथे जुना ओढा सिमेंटच्या झाकणाखाली शिरतो, तिथे रस्त्यातच एक काळा दगड आहे. बैलगाडीच्या चाकाएवढा रुंद, गुडघ्याएवढा उंच. वरचे अंग देवीचे वण उठावेत तसे खड्ड्याखड्ड्यांचे. रस्ता रुंद करताना दुकानांच्या पायऱ्या गेल्या, पिंपळ गेला, पण या दगडाला कोणी हात लावला नाही. डांबर त्याला वळसा घालून पुढे गेले. याला फोडशिळा म्हणतात.

दिवाळीची आवराआवर झाली की वसुबारसेच्या दिवशी पेठेतली माणसे घरात नको झालेल्या वस्तू या शिळेवर आणून ठेवतात. घासून लख्ख केलेले कुकर, धुऊन घड्या घातलेले कपडे, वायर बदलून आणलेले मिक्सर, नवा अंगठा लावलेल्या चपला, पोरांच्या लहान झालेल्या सायकली. मोडके असेल तर आधी दुरुस्त करायचे. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले असेल ते भंगारवाल्याला वेगळे द्यायचे. शिळेवर अख्खीच वस्तू ठेवायची. ठेवली की मागे न बघता घरी जायचे. कोण उचलून नेतो ते पाहायचे नाही. त्या दिवशी पेठेतून कचरागाडी जवळजवळ रिकामी परत जाते.

पाहुण्याने कारण विचारले तर इथली जुनी माणसे त्याला शिळेजवळ उभे करतात आणि हकीकत सांगतात. ऐकून बरे वाटणार नाही, हेही आधीच सांगून टाकतात.

फार पूर्वी इथे एका सरदाराची गढी होती, असे सांगतात. सरदार सदा मोहिमेवर. गढीचा कारभार त्याची बायको गहिनाबाईसाहेब पाहायची. बाई करारी, दिसायला देखणी, बोलणे अगदी हळू. एकदा जत्रेत तिला आपलेच टाकून दिलेले लुगडे एका मोलकरणीच्या अंगावर दिसले. पाठमोरी उभी असलेली ती मोलकरीण बाईसाहेबच आहेत असे समजून कोणीतरी तिला वाकून मुजरा केला, आणि बघणारे हसले. एवढेच झाले. पण त्या दिवसापासून बाईसाहेबांचा हुकूम सुटला, की या गढीतून कोणतीही वस्तू अख्खी बाहेर जाणार नाही. भांडे असो, कापड असो, खाट असो; आधी फोडायचे, फाडायचे, मग मागच्या ओढ्यात टाकायचे.

या कामाला गोजरा नावाची बाई ठेवली. गोजरा पाथरवटाची विधवा. नवरा खाणीत दरडीखाली गेला, त्याचा घण तेवढा घरात राहिला. दगड फोडायला नवऱ्याला मदत करून करून तिचे दंड गड्यासारखे झाले होते. पदरी मैना नावाची एकच लेक, तीही सासरी दिलेली. गढीच्या मागच्या दाराशी हा काळा दगड होता. त्याच्यावर गोजराने काम सुरू केले.

सुरुवातीला तिचा जीव तुटायचा, म्हणतात. तांब्याचा हंडा, नुसता एका बाजूला पोचा आलेला, आणि त्याच्यावर घण घालायचा. ऊबदार वाकळ कोयत्याने उभी फाडायची. ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर झोपड्या होत्या. तिथल्या बाया फुटक्या मडक्याच्या बुडात पाणी नेत आणि उभ्या राहून हे बघत. गोजरा त्यांच्याकडे पाठ करून बसायची. पण पोटाला गढीवरची भाकरी होती, आणि हात हळूहळू सरावला. पुढे पुढे तिला आपल्या कामाचा अभिमानच वाटू लागला. एका घावात हंडा कसा उकलतो ते ती नव्या गड्यांना दाखवायची.

त्या झोपड्यांत धुरपा नावाची एक बाई होती. तिच्या घरी पाणी भरायला काही नव्हते. एकदा ती ओढा ओलांडून आली आणि शिळेवर ठेवलेल्या घागरीकडे बोट दाखवून म्हणाली, की बये, एवढी एक मला दे, मी काजळी फासून वापरीन, कोणाला ओळखू येणार नाही. गोजराने तिच्याकडे पाहिले, घण उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत घागर चेपली. नुसती चेपून थांबली नाही. तळ वेगळा होईपर्यंत घाव घातले. धुरपा परत गेली.

पुढे पौषात दोन घरांत दोन गोष्टी झाल्या. मैना पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली आणि तिला मुलगा झाला. आणि गढीत बाईसाहेबांचा एकुलता एक मुलगा, जेमतेम रांगायला लागलेला, तापाने गेला.

बाईसाहेब रडल्या नाहीत, असे सांगतात. त्यांनी पोराचे सगळे सामान मागच्या दाराशी पाठवले. पाळणा, झबली, टोपडी, चांदीचा वाळा, दूध पाजायची बोंडली. निरोप आला, की यातले काही कोणाच्या पोराच्या अंगाला लागता कामा नये.

गोजराने पाळण्याची फळी न् फळी फोडली. झबल्यांच्या चिंध्या केल्या. शेवटी हाताशी एक दुपटे आले. आत मऊ कापूस, वरून तांबडे रेशीम. त्या वर्षी थंडी अशी होती की पहाटे ओढ्याच्या काठचे गवत पांढरे दिसायचे. घरी मैनाचे लेकरू गोणपाटात गुंडाळलेले, तिच्या पोटाशी निजूनही रात्रभर कुडकुडत होते. गोजराने इकडेतिकडे बघितले आणि दुपटे पोटाशी लुगड्यात खोवले. इतक्या वर्षांत तिने ठेवून घेतलेली ती पहिली वस्तू.

बारशाला शेजारपाजारच्या बाया आल्या. धुरपाही आली. गोणपाटाखालून तांबड्या रेशमाची कड डोकावत होती. धुरपाने ती पाहिली, पाळणा म्हणून घेतला, हातावरच्या घुगऱ्या खाल्ल्या, आणि तिथून उठून सरळ गढीवर गेली.

दुसऱ्या दिवशी गोजराला बोलावणे आले. बाईसाहेब स्वतः मागच्या दाराशी येऊन उभ्या होत्या. दुपटे आणायला लावले होते. मैनाही लेकराला छातीशी धरून आईच्या मागे आली होती. बाईसाहेबांनी गोजराला दुपटे फाडायला सांगितले. गोजराने फाडले. अगदी लहान तुकडे होईपर्यंत फाडले. तिला वाटले, आता सुटले.

बाईसाहेब म्हणाल्या, "ज्या हातानं ठेवून घेतलंस तो हात ठेव शिळेवर. नाहीतर लेकरू ठेव."

गोजराने उजवा हात ठेवला. बाईसाहेबांनी गड्यांकडे पाहिले. एकाने नजर खाली घातली, दुसरा बैलांना पाणी दाखवायचे म्हणून निघून गेला. घण उचलायला कोणी पुढे होईना. तेव्हा बाईसाहेबांनी पदर खोचला आणि घण स्वतः उचलला. त्यांना सवय नव्हती. पहिला घाव तिरका पडला आणि नुसती बोटे चेचली गेली. दुसराही नीट बसला नाही. गोजरा त्या दगडाशी गुडघे टेकून बसली होती. तोंड पांढरे पडलेले, आणि ती हलकेच म्हणाली, "दांडा टोकाला धरा, बाईसाहेब. म्हणजे एकात होईल."

बाईसाहेबांनी तसा धरला.

दुपट्याचे तुकडे ओढ्यात टाकले गेले. लेकरू परत गोणपाटात गेले आणि थोड्याच दिवसांत थंडीने गेले. मैना त्याला पुरून आली, आईच्या बांधलेल्या हाताकडे एकदा बघून म्हणाली, "आये, तू दुपटं आणलं नसतंस तर मी त्याला पोटाशी घेऊन निजले असते. दुपट्याच्या भरवशावर मी त्याला खाली ठेवलं, तिथंच थंडी बाधली." तेवढे बोलून ती सासरी गेली.

गोजराला गढीवरून काढले. ओढ्यापलीकडे, ज्या बायांकडे ती पाठ करून बसायची त्यांच्याच कडेला, तिने चार काट्या रोवल्या. कोणी तिला हाकलले नाही, कोणी जवळही केले नाही. दिवसभर ती ओढ्यात उतरून फिरायची. तिथे तिचेच काम साठून पडले होते. तिने उकललेले हंडे, तिने फाडलेल्या वाकळा, थरावर थर. त्यातून तिने चिंध्या वेचल्या, डाव्या हाताने आणि दातांनी टाके घालायला शिकली आणि स्वतःला एक गोधडी शिवली. तांबड्या रेशमाचे तुकडे तिला चिखलात सापडले. ते तिने गोधडीच्या मधोमध लावले.

काही वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस असा कोसळला, की ओढा गढीवर चढला. पूर्वी ओढा कितीही भरला तरी वाहून जायचा. आता वर्षानुवर्षांच्या फुटक्या सामानाने त्याचे पात्र तुंबले होते. पाणी मागे फिरले आणि गढीचा मागचा अर्धा भाग घेऊन गेले. गडी-माणसे आपापल्या घरांकडे धावली. दुपारी पाणी उतरले, तेव्हा गहिनाबाईसाहेब चिखलाने माखून, अंगावरच्या ओल्या लुगड्यानिशी या शिळेवर बसल्या होत्या. अंगात ताप भरलेला, वारा सुटलेला.

उंचवट्यावरची माणसे ओढा ओलांडून पडक्या गढीत शिरली. गढीतल्या वस्तू पहिल्यांदाच अख्ख्या बाहेर येत होत्या. घागरी, परात, कांबळी, रजया. नेणारे बाईसाहेबांच्या समोरूनच जात होते. बाईसाहेबांनी एकाकडे कांबळे मागितले. ते कांबळे त्यांचेच होते. तो ऐकलेच नाही असे दाखवून पुढे गेला. दुसऱ्या एका बाईकडे मागितले, तिनेही तसेच केले. धुरपा कडेवर भरलेली घागर घेऊन चालली होती. बाईसाहेब तिला म्हणाल्या, की घोटभर पाणी दे. धुरपा त्यांच्यासमोर थांबली, घागर जमिनीवर पालथी केली आणि पुन्हा भरायला गेली.

सगळ्यांच्या शेवटी गोजरा आली. तिने काही उचलले नव्हते. अंगावर तिची गोधडी होती. बाईसाहेबांना मधले तांबडे रेशीम दिसले आणि त्या बसल्या जागी ताठ झाल्या.

"गोजरे," त्या म्हणाल्या, "ते मला दे. थंडीसाठी नाही मागत. त्याचं आहे."

गोजराच्या मनात त्या वेळी काय आले ते तिनेच नंतर लोकांना सांगितले, म्हणे. तिला दया आली होती. हात गोधडीच्या टोकापर्यंत गेलाही होता. मग दुसरा हात, वाळलेल्या मुळीसारखा झालेला, तिला दिसला. आणि मैना दिसली.

"बाईसाहेब, माझ्या नातवाच्या दुपट्याचं काही राहिलंय का बघायला मी रोज ओढ्यात उतरले," ती म्हणाली. "तुम्ही एक दिवस तरी उतरला होता का?"

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. झोपडीत जाऊन ती गोधडी डोक्यावरून घेऊन पडली. वारा ऐकत होती. उठावे असे तिला बऱ्याचदा वाटले. उठली मात्र नाही.

सकाळी लोक पुन्हा सामान न्यायला आले तेव्हा बाईसाहेब शिळेवर आडव्या झालेल्या होत्या, गुडघे पोटाशी घेतलेल्या, लहान मूल निजते तशा. ओल्या लुगड्यावर पांघरूण काहीच नव्हते. आजूबाजूच्या प्रत्येक झोपडीत त्यांचे एकेक पांघरूण होते. धुरपाने घागर हळूच खाली ठेवली.

गोजरा आली, तिने अंगावरची गोधडी काढली आणि त्या थंडगार अंगावर घातली. चारी बाजूंनी नीट खोचली. मग जमलेल्यांना म्हणाली, "हिनं मागितलं तेव्हा द्यायचं होतं. हिला मागायला लावायलाच नको होतं."

गोधडी तिने परत घेतली नाही. बाईसाहेबांबरोबर ती सरणावर गेली. त्यानंतर गोजरा जगली तोवर ओढ्यातून एकेक वस्तू काढत राहिली. जी सांधता आली ती डाव्या हाताने सांधली, धुतली, या शिळेवर ठेवली, आणि नेणाऱ्याला तोंड दाखवावे लागू नये म्हणून मागे न बघता घरी गेली. आधी धुरपा तिच्याबरोबर वस्तू आणून ठेवू लागली, मग इतर बाया. ओढा मोकळा झाला तेव्हा लोकांनी आपापल्या घरातले आणायला सुरुवात केली. मैना मात्र कधी आली नाही. आई गेल्याचा निरोप तिला पोचवला होता, असे सांगतात. तेव्हाही आली नाही.

गोजराच्या म्हातारपणी लोक तिच्या पाया पडू लागले तेव्हा ती चिडायची. माझ्या माघारी या दगडाला शेंदूर लावाल तर याद राखा, असे तिने बजावून ठेवले होते. थंडीत मागणाऱ्या बाईला जिने पांघरूण दिले नाही तिच्यापुढे हात जोडायचे नाहीत.

आजही फोडशिळेला शेंदूर नाही, हार नाही, दिवा नाही. कोणी नारळ आणलाच तर तो फोडत नाहीत, अख्खा ठेवतात, आणि ज्याला हवा तो घेऊन जातो. बाहेरगावचा पाहुणा ही सगळी हकीकत ऐकून नकळत शिळेपुढे हात जोडतो. तेव्हा जवळ उभी असलेली पेठेतली कोणी बाई पुढे होते, त्याचे जोडलेले हात धरते आणि हळूच खाली घेते.