सुपडूच्या घरी ब्राझीलचा पाहुणा

तापीच्या काठी, केळीच्या बागांमध्ये बुडालेल्या एका गावात सुपडू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा वहिनी त्याला म्हणाली, "भाऊजी, बकरीवर लक्ष ठेवा, दोरी तोडते ती." बकरीने दोरी तोडली. शेजारच्या मळ्यात जाऊन अख्खी मेथी फस्त केली. सुपडूने सगळं नीट बघितलं. संध्याकाळी वहिनीला बारकाईने सांगितलंसुद्धा, आधी कोणता वाफा खाल्ला आणि मग कोणता.

अशा माणसाशी गावात कोण बोलणार? पारावर तो बसला की लोकांना घरची कामं आठवायची. सुपडूला बोलायची तर भारी हौस. मग तो बकऱ्यांशी बोलायचा.

दादाने, म्हणजे सुपडूच्या थोरल्या भावाने, नवा फोन घेतला आणि जुना सुपडूला दिला. त्या फोनवर एक सोय होती. जगातल्या कुठल्याही माणसाशी बोला. आपण मराठीत बोलायचं, समोरच्याला त्याच्या भाषेत ऐकू जायचं. तो त्याच्या भाषेत बोलला की आपल्याला मराठीत. फोनमधली एक बाई ते सगळं सांगायची. समोर म्हातारा असो, पोर असो, आवाज त्या बाईचाच. आणि मराठी कसं? एकदम पुस्तकातलं.

थोड्याच दिवसांत सुपडूला तीन मित्र मिळाले. फिनलंडची आइनो आजी, तिच्याकडे मेंढ्या होत्या. जपानचे तादाशीकाका, पूर्वी बस चालवायचे. आणि ब्राझीलचा बेनेदितो, त्याची केळीची बाग होती. मेंढ्या, बस आणि केळी. सुपडूला आणखी काय पाहिजे?

पहिल्या दिवशी आइनो आजीने विचारलं, "आपण कसे आहात?"

एवढ्या आपुलकीने सुपडूला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो सांगायला लागला. टाचेची भेग. मानेवरचा फोड. काल वांग्याचं भरीत खाल्लं त्याने पोटात काय झालं ते. फोड नीट दिसावा म्हणून फोन मानेपाशी नेला. आजीच्या हातातलं विणकाम थांबलं. तिने चष्मा काढला. फोनची बॅटरी संपली तेव्हा सुपडू नुकताच गुडघ्यापर्यंत आला होता.

वहिनी ओट्यावरून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो भाऊजी, कसे आहात म्हणजे खरंच कसे आहात असं नसतं ते! कुणी विचारलं की 'मजेत' म्हणायचं. मग आपण विचारायचं, 'जेवलात का?' झालं."

"मजेत. जेवलात का. कळलं," सुपडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बेनेदितोचा फोन आला. त्याचे डोळे लाल झाले होते. फोनमधली बाई म्हणाली, "मित्रा, मी अत्यंत दुःखी आहे. आज सकाळी माझे खेचर मरण पावले. तू कसा आहेस?"

"मजेत," सुपडू म्हणाला. "जेवलात का?"

बेनेदितो दचकला. "छे! आम्ही खेचर खात नाही!"

"का? चांगलं नव्हतं?"

वहिनीने कपाळावर हात मारला. "अहो, कुणाचं कोणी गेलं तर असं बोलतात का? टोपी काढायची. मान खाली घालायची. आणि म्हणायचं, 'फार वाईट झालं. आता रडून काय उपयोग? सुटला बिचारा.'"

"कोणी गेलं की टोपी काढायची. कळलं."

मग तादाशीकाकांचा फोन आला. काकांनी नवा कोट घातला होता. मागे काकू हसत उभ्या होत्या. फोनमधली बाई म्हणाली, "मित्रा, काल माझी मुलगी विवाह होऊन गेली."

गेली म्हटल्याबरोबर सुपडूने टोपी काढली. मान खाली घातली. "फार वाईट झालं," तो म्हणाला. "आता रडून काय उपयोग? सुटली बिचारी."

काकांनी थोडा विचार केला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. समोरचा वाकला म्हणून सुपडूही वाकला. तो वाकला म्हणून काका आणखी वाकले. शेवटी दोघंही फोनमध्ये दिसेनासे झाले. काकू मात्र जोरजोरात मान हलवून "खरं आहे, खरं आहे" म्हणत होत्या. त्या मुलीबद्दल म्हणत होत्या की स्वतःबद्दल, ते फोनमधल्या बाईने काही सांगितलं नाही.

"भाऊजी!" वहिनी म्हणाली. "लग्न होतं ते! आनंदाची गोष्ट! अशा वेळी टाळ्या वाजवायच्या. म्हणायचं, 'वा वा! असंच होत राहो! पेढे कुठे आहेत?'"

"तोंड हसरं असलं की टाळ्या?"

"हो. घरात नवीन पांढरे-शुभ्र कपडे, पाहुणेरावळे, गडबड दिसली की समजायचं."

दुसऱ्या दिवशी आइनो आजीचा फोन आला. आजूबाजूला पांढऱ्या-शुभ्र कपड्यांतली माणसं गडबडीने ये-जा करत होती. आजीच्या पायालाही मांडीपर्यंत काहीतरी नवं पांढरं-शुभ्र घातलेलं होतं.

"मित्रा," फोनमधली बाई म्हणाली, "मी बर्फावरून घसरले. माझा पाय मोडला."

सुपडूने टाळ्या वाजवल्या. "वा वा! असंच होत राहो! पेढे कुठे आहेत?"

आजीने चष्मा वर सरकवला. नुसती बघत राहिली. मग फोन बंद झाला.

आता मात्र वहिनीला वाईट वाटलं. म्हातारी एकटी, त्यात पाय मोडलेला, आणि हे असं. "भाऊजी, आता हात जोडते," ती म्हणाली. "तुम्ही तोंडच उघडू नका. समोर बसायचं. बघायचं. बास. दगडासारखं गप्प."

सुपडूचं तोंड उतरलं. आजी आता कधी फोन करणार नाही, असं त्याला वाटलं. दुपारी तो जेवलासुद्धा नाही. बकऱ्यांशीही बोलला नाही.

पण आजीने फोन केला. सुपडू दगडासारखा बसला. आजीही बसली. तिच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता. सुपडूच्या मागे बकरी रवंथ करत होती. आजी विणत होती. सुपडू बघत होता. एक शब्द नाही. बराच वेळ झाला. सूर्य कलला, बकरी झोपली. मग आजीने लोकर गुंडाळली, डोळे पुसले, आणि फोनमधली बाई म्हणाली, "मित्रा, इतक्या सुंदर गप्पा मी कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या. उद्याही मारू."

सुपडूचा आनंद गगनात मावेना. गप्पा कशा मारायच्या, ते त्याला आता कळलं होतं.

तेवढ्यात बेनेदितोचा फोन. तो नाचतच होता. "मित्रा! मी तुझ्या देशात केळीच्या बागा पाहण्यास येत आहे! तुझ्या घरी येऊ का?"

सुपडू दगडासारखा बसला.

"मित्रा, येऊ का?"

सुपडूने पापणीसुद्धा हलवली नाही.

बेनेदितोला वाटलं, फोन अडकला. त्याने फोन हलवला. झाडावर चढून धरला. बंद करून परत लावला. समोर सुपडू होता तसाच, डोळे वटारून. बेनेदितोचा चेहरा हळूहळू पडला. "नको असेल तर नको," फोनमधली बाई हळूच म्हणाली.

वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. "अहो, या म्हणा त्याला! एवढ्या लांबून माणूस येतो म्हणतोय! म्हणा, 'या, घर तुमचंच आहे. लागेल ते घ्या!'"

"या, घर तुमचंच आहे. लागेल ते घ्या," सुपडू म्हणाला.

बेनेदितोने फोनची पापी घेतली. येणं ठरलं. घर रंगवून झालं. वहिनीने पापड लाटले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून आणलं. सुपडू गावभर सांगत सुटला, माझा मित्र येतोय. सुपडूकडे कोणी येणार, हे ऐकून पारावरची माणसं पहिल्यांदाच कामं विसरून बसून राहिली.

दरम्यान एक फोन आला. वर फोटो बेनेदितोचा होता. आवाज मात्र दणकट बाप्याचा, आणि घाईतला. "मी तुमचा मित्र बेनेदितो. तुमच्या फोनवर आत्ता एक आकडा आलाय. तेवढा सांगा."

"सांगतो की," सुपडू म्हणाला. "घर तुमचंच आहे. लागेल ते घ्या." आणि त्याने आकडा सांगितला. वर दादाच्या फोनचाही हवाय का, असं विचारलं.

फोन जो बंद पडला तो पडलाच. दादाला तालुक्याला खेपा घालून तो सुरू करून आणावा लागला. घरी आल्यावर त्याने सुपडूला समोर बसवलं.

"सुपडू, तुझ्या बेनेदितोचा आवाज कसा आहे?"

"बाईचा."

"आणि हा कसा होता?"

"बाप्याचा."

"मग कळायला नको? फोटो पाहून, चेहरा पाहून भुलायचं नाही. आवाज ओळखायचा. तोंड मित्राचं आणि बोलणं भलतंच, असं दिसलं की तो चोर. लगेच ब्लॉक करायचं."

"ब्लॉक म्हणजे?"

दादा दमला होता. "म्हणजे त्याच्या तोंडावर दार बंद करायचं. कडी घालायची. तो कितीही ओरडला तरी उघडायचं नाही."

"कळलं," सुपडू म्हणाला.

पाहुणा यायचा दिवस उजाडला. दादा आणि वहिनी झेंडूचा मोठा हार घेऊन स्टेशनवर गेले. सुपडूला घरीच ठेवलं. वहिनी म्हणाली, "तुम्ही काही करू नका. पाट मांडून ठेवा. पाणी भरून ठेवा. दुसरा हार खुंटीवर आहे, तो घाला म्हटलं तरच घाला."

पण बेनेदितो आधीच्याच स्टेशनवर उतरला होता. त्याला बागा बघायच्या होत्या. तो एका केळीच्या ट्रकमध्ये बसला आणि मागच्या वाटेने थेट दारात हजर झाला. सुपडूला पाहून त्याने पाठीवरची पिशवी खाली टाकली, दोन्ही हात पसरले, आणि आनंदाने त्याच्या भाषेत ओरडत धावत आला.

सुपडूने त्याच्याकडे नीट बघितलं. तोंड बेनेदितोचं. पण आवाज? दणकट बाप्याचा! आणि बोलणं तर भलतंच, एक शब्द मराठी नाही. शिवाय सुपडूचा बेनेदितो तळहातावर मावायचा. हा दारात मावत नव्हता.

"चोर!" सुपडू म्हणाला.

बेनेदितोने त्याला मिठी मारली. सुपडूने त्या मिठीतच त्याला ढकलत ढकलत कडब्याच्या खोलीपर्यंत नेलं, आत लोटलं आणि कडी घातली. बेनेदितोला वाटलं, इथली रीत असेल. तो आत हसत उभा राहिला. बराच वेळ झाला तसं त्याचं हसू कमी झालं. कडबा टोचायला लागला. त्याने दार वाजवलं. हाका मारल्या. मग त्याला खिशातला फोन आठवला. तो फोनशी बोलला, आणि दाराआडून ओळखीचा गोड आवाज आला, "मित्रा, मी बेनेदितो आहे. मी आत आहे. कृपया दार उघड."

सुपडू उडालाच. "बेनेदितो! तू कधी आलास? आणि आत कसा गेलास?"

"तूच मला ढकलले."

"तुला नाही रे! तो चोर होता, तुझ्यासारखा दिसणारा! आतच आहे तो. धरून ठेव त्याला!"

आत कडब्यात शोधाशोध झाली. मग बाई म्हणाली, "मित्रा, येथे माझ्याशिवाय कोणीही नाही."

"लपलाय तो! घाबरू नकोस, आलो मी!"

सुपडूने कुऱ्हाडीचा दांडा घेतला आणि कडी काढली. दारात तोच दांडगा माणूस, केसांत कडबा, हातात फोन. आणि फोनमधून बेनेदितोचा आवाज येत होता, "मित्रा, अखेर भेटलास!"

सुपडूच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्राला या चोराने मुठीत आवळून धरलं होतं. त्याने झडप घालून फोन ओढून घेतला, चोराच्या पोटात डोकं मारून त्याला परत कडब्यात पाडलं आणि कडी घालून वर कुलूपही लावलं.

मग त्याने फोन धोतराच्या सोग्याने पुसला. पाटावर ठेवला. वहिनीने घाला म्हटलेलं नव्हतं, पण आता थांबणं बरं दिसलं नसतं. त्याने खुंटीवरचा हार काढून फोनला घातला. फोन हारात दिसेनासा झाला, म्हणून झेंडू बाजूला सारून बरोबर मधे कुंकू लावलं.

चोर आतून जीव तोडून ओरडत होता. पाटावरून बाई म्हणाली, "मित्रा, मला बाहेर काढ. मला तहान लागली आहे."

"बाहेरच आहेस की रे बाबा. घाबरलायस फार," सुपडू मायेने म्हणाला. "थांब, पाणी देतो." आणि त्याने भरलेला तांब्या फोनवर हळूहळू रिता केला.

फोन एकदा थरथरला. गप्प झाला.

दादा आणि वहिनी स्टेशनवरून हात हलवत परत आले. उन्हाने दोघांची तोंडं लाल झाली होती. ओसरीवर सुपडू पाटापाशी बसून वारा घालत होता.

"गाडीतून कोणी उतरलंच नाही हो," वहिनी म्हणाली. "भाऊजी, पाहुणे इकडे आले का?"

सुपडूने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, वहिनी. केव्हाचे आलेत. पाणी प्यायले आणि आत्ताच त्यांचा डोळा लागलाय."