वादळाची झडती

“मग भार कमी करू का, ताई? पटकन सांगा. उगाच लाइट घालवली तर लोक आम्हालाच शिव्या घालतात.”

फोनवर वीज केंद्रातले शेलार होते. शाल्मली पडद्यावरच्या रेषेकडे बघत होती. सकाळभर रवंथ करणाऱ्या गाईसारखी निवांत असलेली ती रेषा एकदम उसळली होती. तिच्याबरोबर शाल्मलीही.

सूर्यावर खळबळ उडाली की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, म्हणजे चुंबकीय वादळ येतं; लांबच लांब तारांत नको ती वीज शिरते, ट्रान्सफॉर्मर तापून जळतात. त्याआधी इशारा जावा म्हणून तर समुद्राकाठची ही चुंबकीय वेधशाळा. आणि इशारा द्यायचं काम आज पहिल्यांदाच तिच्यावर सोपवलेलं.

“थांबा हं, शेलारसाहेब...”

रेषा खाली बसली.

खिडकीबाहेर, चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राच्या लाकडी खोलीतून वेधशाळेचे प्रमुख वर्तकसर निघाले होते. चार पावलं आले, कपाळावर हात मारला आणि परत आत गेले. चष्मा विसरला असणार.

रेषा पुन्हा उसळली.

शाल्मलीने खिडकीकडे पाहिलं, मग रेषेकडे. लोखंड जवळ आलं की यंत्र फसतं, म्हणून त्या खोलीत लोखंडाचा खिळासुद्धा नाही, सगळे पितळेचे. आत जाणाऱ्याच्या केसांतल्या पिनासुद्धा दारावर काढून घेतात. फक्त सरांना कोणी काही विचारत नाही. सरांना कोण विचारणार?

“अहो ताई?”

“वादळ नाहीये. भार राहू द्या.”

“मग आहे काय?”

“ते... नंतर सांगते.”

ती धावत खाली गेली. सर खोलीच्या दारात चष्मा पुसत उभे.

“काय गं, आत यंत्र उसळत होतं. केलास फोन वीज केंद्राला?”

“केला. पण... वादळ नाही म्हणून सांगितलं.”

“का?”

“सर, ते...” ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. जावयाने आणलेल्या कोऱ्या कोल्हापुरी, सकाळपासून सगळ्यांना दाखवून झालेल्या. टाचांना लोखंडी नाल.

“नमस्कार करायचाय?”

“नाही सर. चपला काढायच्यात... तुम्ही.”

सर हसले. असे हसले की सुरूच्या झाडांवरचे कावळे उडाले आणि शाल्मली पुन्हा दचकली. त्यांनी चपला काढल्या. वाळू तापलेली. या पायावरून त्या पायावर नाचत त्यांनी विचारलं, “माझ्यावर संशय घ्यायची भीती नाही वाटली?”

“वाटली. अजून वाटतेय.”

सरांनी चपला उचलून लांब वाळूत फेकल्या.

“सर?”

“काम अर्धं राहिलंय माझं. आता जाऊ आत?”

“हो हो, जा ना सर.” ती अदबीने बाजूला झाली.

सर उंबऱ्यापाशीच थांबले. दोन्ही हात वर केले.

“खिसे राहिले.”