बरणीतला ओला चमचा

नदीकाठी एक गाव होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की तिथली माणसं उघड्या पडलेल्या गाळात काकड्यांचे वेल लावायची. मग पाऊस येईपर्यंत गावात काकडीशिवाय दुसरं बोलणं नाही. दुपारच्या जेवणात कोशिंबीर हवीच. भाजी नसली तरी चालेल, पण कोशिंबिरीवाचून ताटावर बसायला कुणी तयार नसे.

या गावात तुळसाकाकू राहायच्या. त्यांच्या हातच्या कोशिंबिरीचं नाव पार चार गावांत झालं होतं. काकडी काय, ती तर सगळ्यांकडे सारखीच. खरी करामत तिच्यात घालायच्या वाटणाची. मोहरी थोड्या पाण्यावर पाट्यावर फेसायची. ती पांढरट होऊन फुलली, नाकात झिणझिण्या आल्या, की त्यात हिरवी मिरची, मीठ, किंचित गूळ आणि लिंबू घालायचं. मग ताज्या भाजलेल्या दाण्यांचं कूट. आणि काकूंचा नियम असा, की हे सगळं रोजच्या रोज व्हायचं, आणि मोहरी फेसायची ती पुरुषमाणसं पाटावर येऊन बसल्यावरच. आधी फेसली तर म्हणे तिचा जोर उतरतो. गावातल्या बायकाही मग तसंच करायच्या. काकूंनी सांगितलं म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय!

आता खरी गोष्ट सांगायची तर दोन वर्षं झाली, काकूंचा उजवा खांदा धरला होता. वरवंटा त्यांना ओढवत नव्हता. दाणे भाजणं, सोलणं, कुटणं, मोहरी फेसणं, सगळं त्यांची सून कावेरी करायची. काकू शेजारी बसून मीठ तेवढं चाखायच्या. पण पाहुणा जेवून उठला की म्हणायचा, "वा काकू, हात आहे तुमचा!" काकू पदर सावरून नुसत्या हसायच्या. त्या हसण्यात कावेरीला वाटेकरी करावं असं त्यांना कधी वाटलं नाही. कावेरीनंही कधी मागितलं नाही. ती स्वभावानं गरीब होती.

त्या उन्हाळ्यात कावेरीची आई आजारी पडली. नदीपलीकडच्या वाडीत ती एकटीच राहायची. कमरेतून गेली होती, अंथरुणावरून उठता येत नव्हतं. शेजारीण सकाळी भाकरी ठेवून जायची, ती संध्याकाळपर्यंत तशीच पडलेली असायची. कारण भरवायला कोण? लेकीच्या सासरी येऊन राहायला म्हातारी काही केल्या तयार नव्हती. तिच्या पिढीच्या बायकांना ते कमीपणाचं वाटायचं.

"आत्याबाई, मी चार दिवस जाऊन राहू का आईपाशी?" कावेरीनं विचारलं.

"ऐन काकड्यांच्या दिवसांत?" काकू म्हणाल्या. "पाच-सहा माणसांचं कोण करील इथं? काम उरकून दुपारची जा की. कुणी धरून ठेवलंय का तुला?"

कुणी धरून ठेवलं नव्हतं, हे खरं. पण काम उरकेल तर ना! दाणे भाजण्या-सोलण्यातच सकाळ जायची. माणसं पाटावर बसली की वरवंटा फिरायला लागायचा, त्यामुळे जेवणं लांबायची. मग बायकांची जेवणं, भांडी, चूल सारवणं. हातपाय धुवून कावेरी उंबऱ्यापाशी येते तोवर गुरांच्या धारेची वेळ झालेली असायची. नदी ओलांडून जायला-यायला तास लागे. आठ दिवसांत ती एकदाच जाऊ शकली, तेही पळत जाऊन पळत आली.

मग कावेरीनं डोकं चालवलं. पाट्यावर बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, लोणच्यात हीच तर फेसलेली मोहरी असते. ती वर्षभर राहते, उलट मुरून चढते. मग कोशिंबिरीचं वाटण आठ दिवस का राहू नये? पहिल्यांदा तिनं सगळंच एकत्र करून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी कूट भिजून आंबलं. ते तिनं गुपचूप गुरांच्या आंबोणात टाकलं. दुसऱ्या खेपेला ती शहाणी झाली. कूट कोरडं, वेगळ्या डब्यात. मोहरी, मिरची, मीठ, गूळ आणि भरपूर लिंबू एकत्र फेसून चिनी मातीच्या बरणीत. वर बोटभर तेल. आणि काढायला लाकडी चमचा, तोही उन्हात वाळवून पुसलेला. पाण्याचा थेंब लागला की संपलं, हे तिला लोणच्यावरून ठाऊक होतं.

सोमवारी एकदा बसून तिनं आठ दिवसांचं करून ठेवलं. मंगळवारी काकडी सुरीनं बारीक चोचवली, बरणी हलवून त्यातलं दोन चमचे वाटण घातलं, वर कूट. माणसं पाटावर बसायला आणि ताटं यायला एकच गाठ पडली.

नवऱ्यानं, निवृत्तीनं, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "आई, आज काय हात लागलाय गं तुझा! एवढी चढलेली मोहरी कधी खाल्ली नव्हती."

सासऱ्यांनी तर न बोलताच वाटी पुढे केली. ते सहसा दुसऱ्यांदा काही मागत नसत.

कावेरीच्या पोटात आनंद मावेना. तिनं भोळेपणानं सगळं सांगून टाकलं. "आत्याबाई, आता रोजचा पाटा नको. तुमचीच रीत, फक्त आठ दिवसांची एकदम. तुमच्या खांद्यालाही बरं. आणि मला आईकडे जायला होईल."

काकू "बरं" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? वाटण चांगलंच झालं होतं. त्यांच्या वाटणापेक्षा चांगलं झालं होतं, आणि ते त्यांच्या जिभेला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

कावेरी त्या दिवसापासून रोज दुपारी नदीपलीकडे जाऊ लागली. आईला ऊन ऊन भात भरवायची, तिची वेणी घालायची, अंथरूण झटकायची आणि धारेच्या वेळेला घरी हजर. म्हातारीच्या तोंडावर टवटवी आली होती. भिंतीला टेकून ती बसू लागली होती. कावेरी घरात गुणगुणायला लागली. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पण सुनेचा आवाज असा आहे हे काकूंना तेव्हा कळलं.

हे सगळं चांगलंच होतं की! पण बायका परसदारी येऊ लागल्या. "कावेरी, ते बरणीचं कसं करतेस गं?" "तेल आधी की लिंबू आधी?" ज्या बायका दरवर्षी काकूंच्या पाट्याशी बसून शिकायच्या, त्या आता काकूंना नमस्कार करून सरळ मागल्या दारी जायच्या. एक दिवस शेजारची सगुणा हसत हसत म्हणाली, "काकू, सुटलात बाई तुम्ही! तुमचा हात आता बरणीत भरून ठेवता येतो."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काकूंना ते असं लागलं, की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. इतकी वर्षं डोळ्यांतून पाणी काढत, खांदा मोडून घेऊन मिळवलेलं नाव, आणि ते एका बरणीत मावावं? आपण मेलो तरी आता कुणाचं काही अडणार नाही, असं त्यांना वाटलं. आणि फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कावेरी नदीकडे गेली. घरात कुणी नव्हतं. काकू पाणी प्यायला उठल्या, तर समोर फळीवर बरणी. त्यांनी लाकडी चमचा उचलला, पाण्याच्या हंड्यात बुडवला आणि तसाच ओला बरणीत घालून ढवळला. मग चमचा पुसून जागच्या जागी ठेवला. एवढंच केलं. काय करतोय ते कळत नव्हतं, असं म्हणायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी पाहुणे जेवायला होते. निवृत्तीनं घास तोंडात घातला आणि तसाच बाहेर थुंकला. पाहुण्यांनी वाटी हळूच बाजूला सारली. सकाळच्या घाईत कावेरीनं बरणीत नीट पाहिलं नव्हतं. आता धावत जाऊन बघते, तर बरणीच्या कडेला पांढरी बुरशी आणि आत आंबूस वास.

"काय हे!" निवृत्ती ओरडला. "चारचौघांत शोभा केलीस. कष्टाचा एवढा कंटाळा?"

"मी चमचा पुसूनच घालते हो," कावेरी म्हणाली. "रोज उन्हात ठेवते." तिनं एकदा सासूकडे पाहिलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. काकूंच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं. पण पाहुणे बसलेले, मुलगा चिडलेला आणि सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. काकूंनी ते वाक्य गिळलं आणि वेगळंच बोलल्या.

"तरी मी सांगत होते, सोप्याच्या मागे लागू नये. मोहरी माणसं पानावर बसल्यावरच फेसावी लागते."

"उद्यापासून आई म्हणेल तसंच," निवृत्ती म्हणाला. विषय संपला.

पाटा-वरवंटा पुन्हा सुरू झाला. बायकांनीही घाबरून आपापल्या बरण्या रिकाम्या केल्या आणि पुन्हा काकूंच्या पुढच्या दारानं यायला लागल्या. काकूंना सगळं पहिल्यासारखं मिळालं. कावेरीची दुपार तेवढी गेली. तिचं गुणगुणणं थांबलं. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, आई पुन्हा भिंतीला टेकून बसेनाशी झालीय म्हणे."

"हंगाम उरकू दे," काकू म्हणाल्या. "मग चांगली पंधरा दिवस राहून ये. मीच पाठवते."

आणि त्या खरंच पाठवणार होत्या. त्यांनी मनाशी ठरवलं होतं. लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं म्हातारीसाठी.

हंगाम संपायला अजून महिना होता. माणसं पाटावर बसलेली, कावेरी मोहरी फेसत होती, तेवढ्यात पलीकडच्या वाडीतला नावाडी दारात येऊन उभा राहिला. आत येईना, बसेना. कावेरीनं त्याचं तोंड पाहिलं आणि तिला समजलं.

"सकाळपासून तुझंच नाव घेत होती," नावाडी म्हणाला. "पावलं वाजली की विचारायची, कावेरी आली का? शेजारीण म्हणायची, येईल, दुपारी येईल. दुपार होईपर्यंत राहिली नाही गं ती."

कावेरीनं वरवंटा खाली ठेवला. हात धुवायचं तिच्या लक्षात आलं नाही. मोहरीनं भरलेल्या हातांनीच ती नदीकडे धावत सुटली.

तेरा दिवस झाल्यावर ती परत आली. रडली नाही, भांडली नाही. सकाळी उठून दाणे भाजायला बसली. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर गप्प. काकूंना मात्र घास उतरेना. कोशिंबिरीची वाटी समोर आली, की त्यांच्या कानात 'कावेरी आली का' एवढंच यायचं. नावाड्यानं ते सांगितलं तेव्हा त्या तिथेच, हातात मिठाची वाटी धरून बसल्या होत्या. पाहुणे आले, त्यांनी "हात आहे तुमचा" म्हटलं, आणि काकू उठून आत निघून गेल्या.

शेवटी एक दिवस त्यांना राहवेना. माणसं जेवून गेली होती. कावेरी पाटा धूत होती. काकू तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"कावेरी, बरणीत ओला चमचा मी घातला होता."

कावेरीचा हात थांबला. मग ती म्हणाली, "ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस गं त्या दिवशी?"

"माझं कुणी खरं मानलं असतं? मला वाटलं, तुम्हीच सांगाल. आज नाही तर उद्या. मी रोज वाट बघत होते."

काकूंना हुंदका आला. त्यांनी तिचे ओले हात धरले. "मी निवृत्तीला सांगते. सगळ्या गावाला सांगते, मी पापीण आहे म्हणून. तू उद्याच बरणी भर बाई. पाट्याला हातसुद्धा लावू नकोस. रोज दुपारी मोकळी हो, कुणी अडवणार नाही तुला. हवं तिथे जा."

कावेरीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

"आता कुठे जाऊ, आत्याबाई?" ती म्हणाली, आणि पुन्हा पाटा धुवायला लागली.

तात्पर्य: दुसऱ्याचे कष्ट हलके झाले म्हणून आपला मान हलका होत नाही. चूक कबूल करायचीच, तर वेळेवर करावी. कारण मागितली तर क्षमा मिळेलही, पण आपण हिरावलेली कुणाची वेळ काही केल्या परत देता येत नाही.