सशाची हिरवळ आणि मोरघारीचा सल्ला

एका जंगलात, पुरात वाहून गेलेल्या रस्त्याच्या पलीकडे, एक ओसाड बंगला होता आणि त्याच्या बागेत एक ससा राहत असे. बाग म्हणायची ती आपली जुन्या ओळखीपोटी. माणसे तिथे यायची बंद झाली तशी घाणेरीची झुडपे कुंपण ओलांडून आत आली, गुलाब वाटेल तसे वाढून एकमेकांत गुंतले आणि हिरवळीच्या जागी माणसाच्या कमरेएवढे गवत उभे राहिले. सशाला याहून चांगले घर कुठे मिळणार? वरून कुणाची नजर आत पोचत नसे. काट्यांमुळे कोल्हा शिरत नसे. आणि चुकून शिरलाच, तर पाचोळ्यात किडे शोधत हिंडणारे सातभाई पक्षी असा गलका करीत की बहिऱ्यालाही जाग यावी.

पण मुलांनो, सुखही कधी कधी बोचते. हा ससा अगदी लहान असताना, माळी बाग सोडून जायच्या सुमारास, त्याने कुंपणातून एकदा ती हिरवळ पाहिली होती. आईच्या पोटावरच्या लवीसारखी मऊ, एकसारखी, आणि तिच्या कडेने लाल गुलाबांची रांग. ते दृश्य त्याच्या मनातून कधी गेलेच नाही. संसाराला लागला तरी तो बसल्या बसल्या सशिणीला सांगायचा, "अगं, इथे हिरवळ होती." सशीण म्हणायची, "असेल. आता लपायला जागा आहे, ते बघा."

ससा म्हणजे भित्रा, हे जंगलात कुणीही सांगेल. पान पडले तरी पळायचे, कान टवकारूनच झोपायचे, असे त्याचे जगणे. आपणही काहीतरी करून दाखवावे, चौघांनी थांबून आपल्याकडे बघावे, असे या सशाला वाटे. त्याला हसू नका. असे कुणाला वाटत नाही?

त्या वर्षी पाऊस उघडला आणि सशाला झुडपांच्या जाळीत गुलाबाचे एक फूल दिसले. फिकट, बटणाएवढे, किड्यांनी कुरतडलेले होते, पण फूल ते फूल. त्याने लगेच त्याच्या बुडाशी वाढलेला लव्हाळा उपटायला घेतला.

"वरून ओढू नकोस," उंचावरून कुणीतरी म्हणाले. "लव्हाळ्याची गाठ मातीत राहते. एक उपटशील तर चार उगवतील. खणून काढ."

ससा उडी मारून जाळीत आणखी आत पळाला. बागेच्या कडेला ऐनाचे एक उंच झाड होते आणि त्याच्या वठलेल्या फांदीवर मोरघार बसली होती. मोरघार म्हणजे डोक्यावर तुरा असलेला, घारीहून मोठा शिकारी पक्षी. तिची सावली जमिनीवरून नुसती सरकली तरी लांडोर पिल्लांना पोटाशी घेते.

"पळतोस कशाला, ससोबा?" मोरघार शांतपणे म्हणाली. "मी ससे खाते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण या जाळीत मला शिरता येत नाही. काट्यांत पंख अडकला तर मीच मरेन. तू तिथे, मी इथे. बोलायला काय हरकत आहे?"

सशाने विचार केला. बोलणे खरे होते. लबाड कोल्हे त्याने पुष्कळ पाहिले होते, पण असा रोखठोक शत्रू कधी पाहिला नव्हता. त्याने भीत भीत विचारले, "बागेतलं तुम्हाला कसं कळतं?"

"माळी खाली राबायचा तेव्हा मी याच फांदीवर असायचे. बघून बघून पाठ झालं. आता या बागेची दशा बघवत नाही, एवढंच."

सशाने गाठी खणून काढल्या. लव्हाळा परत उगवला नाही. झाले. तिथून त्याचा मोरघारीवर विश्वास बसत गेला. आणि खरे सांगायचे तर तिने सांगितलेले काहीही कधी चुकले नाही.

ती म्हणाली, "हिरवळीची हरळी उंच गवताच्या सावलीत मरते. गवत काप, म्हणजे ती पसरेल." सशाने दातांनी गवत कापले. खालच्या हरळीला ऊन लागले आणि पोत्याएवढा हिरवा तुकडा बघता बघता अंगणाएवढा झाला. ती म्हणाली, "मुळांशी ओल नसली तर उन्हाळ्यात सगळं पिवळं पडेल." सशाने झऱ्याचा बुजलेला पाट पंजांनी उकरून पाणी बागेत आणले. ती म्हणाली, "गुलाबाला दिवसभर ऊन हवं. घाणेरी काढ." घाणेरीच्या खोडांनी सशाच्या तोंडाची सालटी निघाली, पण त्याने ती एकेक करून बुडापासून कुरतडली. जाळी आडवी झाली आणि फार वर्षांनी त्या जमिनीला आभाळ दिसले.

सशीण रोज बघत होती. तिला दोन पिल्ले झाली होती आणि गुलाबाच्या दाट झुडपाखाली ती त्यांना झोपवत असे. ती म्हणाली, "अहो, आता आपण बसायचं कुठे?"

"गुलाब आहेत की," ससा म्हणाला. "आणि जाळ्या काय, जंगलभर आहेत. हिरवळ कुणाकडे आहे?"

यावर सशीण पिल्लांकडे वळली. ज्याला ऐकायचेच नाही त्याच्याशी बोलून तिचे तोंड दुखत असे.

मग आला पाचोळा. मोरघार म्हणाली, "गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडलेत, बघ. ती पानं खाली गळतात आणि त्यांच्यातून रोग परत वर चढतो. झाडाखालचं सगळं झाडून काढ." हेही खरेच होते. सशाने पाचोळा मागच्या पायांनी उडवून ओढ्यात लोटला आणि झाडाखालची माती सारवल्यासारखी स्वच्छ केली. पण पाचोळा गेला तसे त्यातले किडे गेले, आणि किडे गेले तसे सातभाईही निघाले.

"ससेराव, आम्ही चाललो," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "इथे आता खायला काही उरलं नाही. पण जाता जाता एक विचारतो. तुम्ही काम करता, सल्ला ती देते. तिला यातून काय मिळतं?"

"तिला बागेची आवड आहे," ससा म्हणाला.

"असेल बुवा," म्हातारा म्हणाला. "आम्ही एवढी वर्षं तिला ओळखतो. फुलं खाताना कधी पाहिली नाही." इतर सहा जण कलकलत हसले आणि सगळे मिळून ओढ्यापलीकडे उडून गेले. त्या दिवसापासून बाग फार शांत झाली. सशाला ती शांतता आवडली. ओरडून सावध करणारे कुणी उरले नाही, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

शेवटी राहिले गुलाब. पाऊस संपला की गुलाब छाटतात, हे तुमच्या घरी कुंडी असेल तर तुम्हालाही ठाऊक असेल. मोरघारीने नीट समजावून सांगितले. वाळलेल्या फांद्या काढायच्या, आत वळलेल्या काढायच्या, उरलेल्या गुडघ्याएवढ्या ठेवायच्या. काप घ्यायचा तो बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, कोंब फुटतो त्या जागेच्या, वर, आणि तिरपा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. आता गंमत अशी की सशाचे दात फांदी तिरपीच कापतात. ते त्याला शिकवावे लागत नाही.

पहिल्या फांदीचा काप पाहून मोरघार म्हणाली, "वा. माळ्याच्या कात्रीलाही इतका सुबक काप जमत नसे."

मुलांनो, सशाला उभ्या जन्मात कुणी 'वा' म्हटले नव्हते. त्याने मान खाली घातली आणि तो दुसऱ्या फांदीकडे वळला.

सशीण धावत आली. "अहो, याच्याखाली पिल्लं झोपतात."

"अगं, छाटल्याशिवाय गुलाब फुलत नाही. नवे फुटवे येतील आणि पहिल्यापेक्षा दाट होईल."

"येतील तेव्हा येतील. तोपर्यंत काय?"

"तोपर्यंत जरा जपून राहायचं," ससा म्हणाला. सशीण पिल्लांना घेऊन बंगल्याच्या पायरीखालच्या अरुंद भोकात गेली. तिथे पाठ टेकायला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत गुलाबांच्या रांगेत नुसते गुडघ्याएवढे खुंट उभे होते.

थंडी पडली. खुंटांना तांबूस पालवी फुटली, पालवीत कळी आली, आणि एका सकाळी दवाने भिजलेल्या हिरवळीच्या कडेला एक गुलाब उमलला. लाल, भरदार, लहानपणी पाहिला होता तसाच. ससा त्याच्यापुढे बराच वेळ बसून राहिला. मग त्याने ऐनाच्या झाडाकडे पाहिले. फांदी रिकामी होती. नेमकी आजच मोरघार नाही, तिला पहिले फूल दाखवायचे राहिले, म्हणून तो जरा हळहळलाही.

"बाहेर या," त्याने हाक मारली. "अगं, पिल्लांना घेऊन बाहेर ये. बघ तरी."

सशीण पायरीशीच थबकली. पण पिल्ले कुठली थांबतात? भोकात आंबून गेलेली ती पोरे बाणासारखी सुटली. मोकळ्यावर ती कधी धावलीच नव्हती. ओल्या हरळीवर ती घसरली, लोळली, एकमेकांवरून उड्या मारू लागली, आणि सशाला वाटले की आपल्या जन्माचे सार्थक झाले.

तेवढ्यात हिरवळीवरून सावली सरकली.

सशिणीने पाय आपटला. एक पिल्लू पायरीजवळ होते, ते भोकात शिरले. दुसरे लांब होते. ते सवयीप्रमाणे गुलाबाकडे धावले, कारण संकट आले की गुलाबाखाली शिरायचे, एवढेच त्याला माहीत होते. तिथे फांद्या नव्हत्या. तेव्हा त्याने आईने शिकवलेली दुसरी गोष्ट केली. ते जमिनीला चिकटून अगदी निश्चल बसले. वाळल्या गवतात असे बसलेले पिल्लू कुणाला दिसत नाही. पण हिरव्यागार हरळीवर ते तपकिरी पिल्लू आभाळातून स्वच्छ दिसत होते. मोरघारीला एक घिरटीही जास्त घालावी लागली नाही.

सशीण ओरडली नाही. ती उरलेल्या पिल्लाला मानेला धरून भोकाबाहेर आली आणि सशाजवळ क्षणभर थांबली. "डोंगरावरच्या कुसळी गवतात जाते," ती म्हणाली. "यायचं असेल तर या." आणि ती कुंपणाच्या कडेकडेने निघून गेली.

ससा ऐनाच्या झाडाखाली गेला. आता त्याला कसलीच भीती वाटत नव्हती. वर फांदीवर मोरघार बसली होती आणि तिच्या नखांखाली जे होते त्याच्याकडे त्याला बघवेना.

"तुम्ही मला फसवलंत," तो म्हणाला.

"कशात?" मोरघारीने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "हरळी पसरली नाही का? गुलाब फुलला नाही का? मी ससे खाते, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. जाळीत मला शिरता येत नाही, हेही सांगितलं. मी कधी खोटं बोलत नाही, ससोबा. मला त्याची गरज पडत नाही."

ससा तिचे एकेक वाक्य आठवत उभा राहिला. एक तरी खोटे सापडले असते तर तेवढाच आधार होता. तेही सापडले नाही.

दिवस कलताना वरून हाडे पडली. अगदी लहान, काडीसारखी. ससा ती गोळा करू लागला तशी मोरघार म्हणाली, "गुलाबाच्या बुडाशी पुर. हाडांसारखं खत नाही. माळी मुद्दाम आणून घालायचा."

आणि सशाने ती तिथेच पुरली. खत म्हणून नव्हे. ते पोर पळून पळून त्याच झाडाशी गेले होते, त्याच्यासाठी दुसरी जागा सशाला सुचली नाही, म्हणून. माती सारखी करून तो डोंगराच्या वाटेला लागला आणि पुन्हा बागेकडे फिरकला नाही. सशीण त्याला बोलली नाही, पण गवतात तिने त्याच्यापुरती जागा केली.

पुढच्या हिवाळ्यात सातभाई किडे शोधत डोंगरावर आले. त्यांनी सांगितले की बाग पुन्हा रानाने गिळली आहे, हिरवळीचे नावनिशाण उरलेले नाही. पण गुलाबाच्या रांगेतले एक झाड, एकच, असे फुलले आहे की फुलांच्या भाराने त्याच्या फांद्या जमिनीला टेकल्या आहेत. हे ऐकून सशाने कान पाठीला चिकटवले आणि तो वाळल्या गवतात आणखी आत सरकला. मोरघारीचा तोही सल्ला खरा निघाला होता.

तात्पर्य : सल्ला खरा असला म्हणजे तो आपल्या हिताचा असतोच असे नाही, तो ऐकल्याने आडोसा कुणाचा जातो आणि पोट कुणाचे भरते, हे आधी पाहावे.