सुलतानाचा पाहुणचार

समुद्रापलीकडे दोन सुलतानांत युद्ध पेटलं आणि त्यात सुरंगबंदरचे खलाशी अडकले. त्यांचा गुन्हा एवढाच, की वादळात त्यांचं गलबत एका सुलतानाच्या किनाऱ्याला लागलं. राणी उमादेवींनी खलित्यांवर खलिते धाडले, तेव्हा कुठे सुलतानाचा दूत मिशीला पीळ देत दरबारात आला.

“कैद कसली? ते आमचे पाहुणे आहेत,” तो म्हणाला. “लढाई संपली की येतील.”

गलबत हाकणाऱ्या तांडेलाची बायको जानकू पुढे झाली. “तिथून निसटून आलेला खलाशी सांगतो, माझ्या धन्याच्या पायांत बेड्या आहेत. पाहुण्याला कुणी बेड्या घालतं का?”

“आमच्याकडे त्यांना दागिने म्हणतात,” दूत हसला.

सरदारांचे हात तलवारींकडे गेले. राणींचाही संताप अनावर झाला होता, पण त्यांनी सरदारांना थांबवलं.

“दूताला कैद करणं आम्ही पाप मानतो,” त्या म्हणाल्या. “पण पाहुणचारात कमी पडलो, तर लोक नावं ठेवतील. लोहाराला बोलवा. पाहुण्यांना त्यांच्याकडचे दागिने घाला. लढाई संपेपर्यंत ते इथेच राहतील.”

बेडी घोट्याला लागताच दूत ओरडला, “अहो, ही तर कैद आहे.”

“हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं,” राणी म्हणाल्या. “आता सुलतानालाही हाच शब्द लिहून कळवा.”

दूताचा खलिता वाचून सुलतानाने खलाशांना सोडलं आणि वारा फिरताच ते परतले. नवऱ्याचे काळेनिळे घोटे पाहून जानकू खाली बसली आणि त्यांवर हात फिरवत राहिली. शेजारून बेडी काढलेला दूत गलबताकडे निघाला होता. तिने त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.