पेवावरच्या देवळातला दिवा

सकाळी साडेदहाला भिंत पडली आणि तिथून हे सगळं सुरू झालं, असं आमच्याकडे सांगतात. वेळ एवढी नेमकी कशी ठाऊक, असं पाहुणे विचारतात. पाद्रीसाहेब त्याच घडीला खिशातलं घड्याळ काढून बघत होते, म्हणून. आमची रविवारची उपासना अजून साडेदहालाच सुरू होते.

बाहेर पाटीवर प्रेसबिटेरियन चर्च असं लिहिलंय, पण वारणाकाठी कुणालाही विचारा, पेवावरचं देऊळ म्हणूनच वाट दाखवतील. आत आलात की उपदेशपीठाच्या पुढं जमिनीत एक गोल दगड दिसेल, मधोमध लोखंडी कडी. त्याच्यावर पाय देऊ नका. शाप वगैरे काही नाही, पण आम्ही कुणी देत नाही. खाली पेव आहे. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल जागा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. मंडळीचे सगळ्यात जुने एल्डर, म्हणजे कारभार बघणारे वडील, दाविदतात्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगायचे. हल्ली त्यांना धाप लागते, म्हणून मी लिहिते. ऐकली तशी.

त्या काळी नव्यानं बाप्तिस्मा घेतलेली थोडी घरं इथं माळावर राहत होती. गावठाणात त्यांना कुणी जागा देईना. माळ मात्र सहज मिळाला. का मिळाला, हे कुणी विचारलं नाही. खाली जुनी पेवं होती, जमीन पोकळ, आणि कुणाचं पेव कुठं होतं हे माणसं विसरून गेली होती. देवळाची पूर्वेची भिंत कमरेएवढी झाली की खचायची. पुन्हा उभारायची, पुन्हा खचायची.

केरबा गवंडी शेजारच्या गावचा. तो एक दिवस थापी ठेवून माळावरच्या त्या घरांतल्या रावजीला म्हणाला म्हणे, "जागा कायतरी मागतीया, रावजी. बुरूज टिकाया खाली जितं पोर घालत्यात, ठावं हाय न्हवं?"

रावजी हसला. "आमचा देव असलं काय मागत न्हाई. मागणारं समदं मागं सोडून आलो आमी."

"देव न्हाई रं मागत. जागा मागती."

रावजी विसरला, पण त्याची बायको तानूबाई चिखलाची पाटी घेऊन मागंच उभी होती. तिचा लखू दोन वर्षांचा. या घरांनी धर्म घेतल्यावर जन्मलेलं पहिलं लेकरू. भिंत पुरी झाली की देवळातला पहिला बाप्तिस्मा त्याचाच, हे पाद्रीसाहेबांनी कधीच ठरवलं होतं. नदीवर धुणं धुताना गावातल्या बायका तिला म्हणाल्या, "काय गं तानू, पयलं तुझंच म्हनं. भिंत पन पुरी व्हायची हाय. बघ बाई." आणि हसल्या. त्यांनी गंमत केली होती. तानूबाईला ते खरंच वाटलं. सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगावं तर हसेल. साहेबाला सांगावं तर त्याच्याच देवळाची भिंत.

दुसऱ्या दिवशी केरबा म्हणाला, आज भिंत डोक्याच्या वर नेतो. ते ऐकून तानूबाई लेकराला लपवायला घरी गेली. परसात त्यांचं एक पेव होतं, रिकामं, बरेच दिवस झाकलेलं. तिनं लखूला पोटभर भाकरी-दूध दिलं, तो झोपला तसं पाटीत ठेवून दोरानं खाली सोडलं आणि झाकण थोडं सरकवून ठेवलं. झाकलेल्या पेवात आधी दिवा सोडायचा, तो जळाला तरच उतरायचं, हे आमच्याकडं लहान पोराला पण माहीत असतं. तिला पण माहीत होतं. भीतीनं तेवढंच सुचलं नाही. आणि कुणाला संशय नको म्हणून ती पुन्हा कामावर येऊन चिखल वाहू लागली.

साडेदहाला भिंत पडली. सगळी, एकदम, आतल्या बाजूला. धुरळा बसल्यावर बायांनी आपापली पोरं गोळा केली. लखू दिसेना. पोरं रोज भिंतीच्या सावलीलाच खेळायची. रावजी हातांनी दगड उपसायला लागला. नखं फुटली तरी थांबेना. तानूबाई बघत होती. असं सांगतात की तिला वाटलं, सापडला नाही तर सापडला नाही, जागेला मिळालं असं समजतील सगळे. मग माझं लेकरू कुणी मागणार नाही.

दगड निघाले तशी खाली एक काळं भगदाड दिसलं. विसरलेलं पेव. भिंत त्याच्याच पोटावर उभी होती. केरबानं कंदील दोराला बांधून खाली सोडला, पोर दिसतंय का बघायला. कंदील थोडा खाली गेला आणि विझला.

"हवा मेलीया," केरबा म्हणाला. "हितं उतरायचं न्हाई कुनी."

तो विझलेला कंदील बघून तानूबाई ओरडली. काय ओरडली ते कुणाला कळलं नाही. ती धावली, तसे सगळे मागं धावले. परसातल्या पेवात दिवा सोडला तर ज्योत जोंधळ्याएवढी झाली, पण राहिली. रावजी पुढं झाला, पण त्याचे हात रक्तानं निसटत होते. केरबानं त्याला मागं ओढलं, दोर कमरेला बांधला आणि श्वास धरून उतरला. वर आणलं तेव्हा लखूची मान लोंबत होती. वाऱ्याला निजवून बायांनी सुपानं वारा घातला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो खोकला, आणि रडला.

साहेबांनी विचारलं, "बाई, का ठेवलं त्याला तिथं?"

"भिंतीला पोर लागतंय म्हनाले," ती म्हणाली.

साहेब तिथंच दगडावर बसले म्हणे. केरबाही खाली मान घालून उभा होता.

भिंत मग बाहेर घट्ट जमिनीवर घेतली. ती आजवर हललेली नाही. भगदाड बुजवायला केरबा निघाला, तर तानूबाईनं बुजवू दिलं नाही. बुजवलं तर लोक म्हणतील, खाली पोर आहे. उघडं राहू दे, ज्याला बघायचं त्याला बघू दे. म्हणून ते देवळाच्या आत घेतलं आणि वर सरकवता येईल असा दगड ठेवला. लखूचा बाप्तिस्मा झाला, नाव शमुवेल ठेवलं. दाविदतात्या त्याच्याच वंशातले.

आजही आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या आधी तो दगड सरकवतात. घटकाभर पेव मोकळं ठेवतात आणि मग आई स्वतःच्या हातानं दिवा खाली सोडते. तळापर्यंत उजेड जातो, सगळे वाकून बघतात आणि म्हणतात, "खाली कोणी नाही." मग आई म्हणते, "माझं लेकरू माझ्याजवळ आहे." येत्या रविवारी माझ्या रूथचा बाप्तिस्मा आहे. दिवा माझ्या हातून जायचा आहे. म्हणून ही गोष्ट मी याच आठवड्यात लिहून काढतेय.

कारण खाली नदीवर नवीन पुलाचं काम निघालंय. खांब टिकत नाही, पुलाला पोरं लागतात, पोरं उचलणारी माणसं फिरतात, असं फोनवर येतंय. अंगणवाडी निम्मी रिकामी आहे. परवा एका चादरी विकणाऱ्याला आमच्याच आळीत धरला होता, दाविदतात्या धापा टाकत मध्ये उभे राहिले म्हणून तो वाचला. मी दाराला आतून कडी घालून बसले होते. रूथला कुठं ठेवू, हेच डोक्यात येत होतं.

तुम्ही लांबून आलात, इथून चार गावं ओलांडून परत जाल. एवढं करा. वाटेत कुणी पुलाचं बोललं तर त्यांना सांगा, आम्ही खाली दिवा सोडून बघितलंय. खाली कोणी नाही.